सोनगीरच्या बाजारात चेलो मिळत नाही, पण…

मुंबई-आग्रा महामार्गानं धुळं ओलांडलं की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. टेकडीवर किल्ला, खाली तांब्या-पितळेची दुकानं. हंडा, घागर, बंब, समई, मागाल ते मिळेल. चेलो मागितलात तर मात्र दुकानदार तुमच्याकडे बघेल आणि विचारेल, "हाई काय शे भो?"

हा आहे व्हायोलिनच्या घराण्यातला थोरला. उंची चार फूट, वजन तीन-साडेतीन किलो. खुर्चीवर बसून गुडघ्यांच्या मध्ये धरायचा आणि गजानं वाजवायचा. जन्म सोळाव्या शतकातल्या इटलीतला. आता यात खानदेशाचा काय संबंध? भरपूर! या परदेशी पाहुण्याला लागणारं बरंचसं सामान, नाहीतर त्या सामानाचे चुलतभाऊ, सोनगीरहून निघालेल्या एसटीच्या टप्प्यातच सापडतात.

शेपटीला भाव

सोनगीर फाट्यावरून चिमठाणे, दोंडाईचा करत तापीकाठी गेलं की सारंगखेडा. दत्तजयंतीला इथं एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा असा बाजार भरतो की पंजाब-राजस्थानातूनही व्यापारी येतात. गिऱ्हाईक घोड्याचे दात बघतं, चाल बघतं, अंगावरचे भोवरे मोजतं. गज बनवणारा कारागीर तिथं गेला तर तो थेट मागच्या बाजूला जाऊन उभा राहील. त्याला हवी शेपटी.

चेलोच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे लांब केस लावतात, दोनशेच्या घरात. पांढऱ्या केसांना मान जास्त. काळे केस जाड आणि खरबरीत, ते बहुधा डबल बेसच्या वाट्याला जातात. त्यातही घोड्याचे केस घोडीच्या केसांपेक्षा बरे समजतात आणि त्याचं कारण अगदी गोठ्यातलं आहे: घोडीची शेपटी मुताच्या वाटेत येते, केस पिवळे पडतात, कमजोर होतात. सारंगखेड्याला पांढऱ्याशुभ्र नुकऱ्या घोड्याभोवती गर्दी जमते ती लग्नाच्या वरातीसाठी. चेलोवाल्यांनाही तोच घोडा आवडेल, फक्त उलट्या टोकाकडून.

नवशिक्याचा पहिला धक्काही याच केसांचा. कोरा गज तारेवर फिरवला तर आवाजच येत नाही. चेलो बिघडलेला नसतो, गजाला राळ लावायची राहिलेली असते. केस नुसता घसरतो. पाइनच्या डिंकातून निघालेली ही राळ घासली की तो तारेला चिकटतो, तार ओढली जाते, सुटते, परत चिकटते, हे सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि त्याचाच सूर होतो. रेडिओ दुरुस्तीवाला डाख देताना वापरतो ती राळ याच कुळातली. मात्र केसांना बोट लावायचं नाही. हाताचं तेल लागलं की तेवढ्या जागेवर राळ धरत नाही.

आणि वाजवून झालं की गज सैल करून ठेवायचा. चेलोची पेटी महिनोन्महिने बंद राहिली तर आत बारीक किडे होतात आणि गजाचे केस कुरतडून टाकतात. उघडलं की केसांची लक्तरं. त्यावर उपाय दोनच: पेटीला ऊन दाखवणं आणि रोज वाजवणं. पहिला खानदेशात फुकट आहे.

शंकासूर आणि टेंभुर्णी

गजाची उत्तम काडी पेरनाम्बुको नावाच्या लाकडाची. हे झाड ब्राझीलचं, इतकं की त्या देशाचं नावच या झाडावरून पडलं. लाल रंगासाठी ते एवढं तोडलं गेलं की २००७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आली. झाडाचं रूप ओळखीचं वाटावं, कारण शाळेच्या कुंपणाला लाल-पिवळा फुलणारा आपला शंकासूर त्याच्या भाऊबंदांतला. शंकासुराचा गज करायला मात्र जाऊ नका. नातं फुला-पानांपुरतं आहे.

चेलोची काळी पट्टी, जिच्यावर बोटं फिरतात, ती आबनुसाची. आबनूस ज्या कुळात येतो त्याच कुळात सातपुड्यातली टेंभुर्णी येते. तिच्या पानात विडी वळली जाते, तीच. तिच्या पिवळ्या फळांवर उन्हाळ्यात पोरं तुटून पडतात. जुन्या टेंभुर्णीच्या गाभ्यात जे काळं लाकूड निघतं तेही एक प्रकारचं आबनूसच. म्हणजे एकाच घराण्यातले दोन भाऊ, एक विडीच्या धंद्यात आणि एक ऑर्केस्ट्रात.

बाकी खोकं परदेशी. वरची फळी स्प्रूसची, मागची मेपलची, जाडी काही मिलिमीटर.

तारेत तांबं

पूर्वी चेलोच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या असत. कापसाच्या मुलखाला हे सांगायला नको. गादी पिंजायला दारात येणाऱ्या पिंजाऱ्याच्या धनुकलीला जी तांत असे, तीही आतड्याचीच. ठोकळ्याचा दणका बसला की तिचा 'ट्ँव' असा जो घुमारा गल्लीभर जायचा, तो खर्जाचाच म्हणायचा.

आतड्याच्या तारेची अडचण अशी की खाली, जड सुरात जायचं तर तार जाड करावी लागते आणि जाड तार लवत नाही. मग तार लांब करा, म्हणजे वाद्य मोठं करा. सतराव्या शतकात युक्ती निघाली: आतड्यावर धातूची बारीक तार गुंडाळायची. वजन वाढतं, लवचीकपणा राहतो. त्यामुळे चेलोचं अंग आटोपशीर झालं आणि दोन हातांच्या माणसाला तो पेलायला लागला. गुंडाळायला चांदी वापरली, तांबं वापरलं, चांदीचा मुलामा दिलेलं तांबंही वापरलं. हल्ली सर्वांत जाड तारेला टंगस्टन असतं, जे तांब्याच्या दुपटीहून जड. सोनगीरच्या तांबटाला यातलं चेलोचं काही ठाऊक नसलं तरी धातूचं गणित तोंडपाठ असतं.

या चार तारा कुठल्या सुरात? हार्मोनियमवाल्यांसाठी सांगायचं तर खर्जापासून वर पांढरी एक, पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा. प्रत्येक तार खालच्या तारेचा पंचम. सर्वांत खालची सेकंदाला ६५ वेळा कंप पावते, सर्वांत वरची २२०. खालच्या टोकाला भजनी मंडळातला सर्वांत जाड आवाज बसतो आणि वर चढत गेलं की बायकांच्या पट्टीपर्यंत जाता येतं. चेलो माणसासारखा गातो असं लोक म्हणतात, त्यात हे एक कारण आहे.

लांडगा आणि पितळी नळी

माझी सर्वांत आवडती गोष्ट ही. बहुतेक चांगल्या चेलोंत एक लांडगा राहतो. खरंच, त्याला लांडगा म्हणूनच ओळखतात. बहुतेक वेळा पांढरी चारच्या आसपास कुठेतरी एखादा सूर लावला की तो स्थिर राहतच नाही, गुरगुरतो, थरथरतो, अडखळतो. वाजवणाऱ्याची चूक नसते. चेलोच्या खोक्याचा स्वतःचा एक कंप असतो. तारेचा सूर नेमका त्याच्यावर येऊन बसला की दोघांत ओढाताण लागते आणि तार-खोकं आळीपाळीनं एकमेकांची शक्ती खात राहतात. स्वस्त, दगडासारख्या मख्ख चेलोत लांडगा कमी आढळतो. जितकं खोकं बोलकं तितका लांडग्याचा संभव जास्त. त्यामुळे लाखोंच्या वाद्यांचे मालकही या प्राण्याला पाळून असतात.

इलाज? वाजवताना गुडघ्यांनी चेलो जरा आवळायचा. नाहीतर घोडीच्या (ही शेपटीवाली नव्हे, तारा जिच्यावर टेकतात ती) खालच्या बाजूला उरलेल्या तारेच्या तुकड्यावर एक छोटी पितळी नळी बसवायची. आत रबराचं अस्तर, बाजूला आवळायचा स्क्रू. नळी जरा वर, जरा खाली सरकवत लांडगा मुका होईल ती जागा शोधायची. कोणतंही किचकट यंत्र नाही, बोटाच्या पेराएवढं पितळ! सोनगीरच्या कारागिराला नमुना दाखवलात तर चहा येईपर्यंत तो दुसरी करून देईल, असा माझा अंदाज.

पितळेचं आणखी एक काम आहे. घरच्यांची झोप वाचवायला सरावाच्या वेळी घोडीवर जाड म्यूट बसवतात, तो रबराचा किंवा पितळेचा मिळतो. चेलोला त्याची गरज जास्तच, कारण खर्जाचे सूर भिंत ओलांडण्यात पटाईत असतात. व्हायोलिन शिकणाऱ्याचा त्रास फक्त घरच्यांना होतो. चेलोवाल्याचा पलीकडच्या ओट्यावरही पोचतो.

शहाबादी फरशीवरचा पहिला धडा

शिकायचं ठरलं तर पहिला शत्रू फरशी. चेलोच्या बुडाशी एक टोकदार धातूची काठी असते, ती जमिनीत रोवून वाद्य उभं राहतं. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या सर्व्हे या वादकानं ती लोकप्रिय केली, त्याआधी लोक पोटऱ्यांत आवळून वाजवत. युरोपातल्या लाकडी जमिनीला ही काठी धार्जिणी. आपल्या शहाबादीवर ती अशी सुळकन सरकते की सुरावट मध्यात असताना चेलो ओटीतून अंगणाकडे निघतो. त्यावरचा तोडगा जुना आणि स्वस्त: खुर्चीच्या पायाला पट्टा बांधायचा, दुसऱ्या टोकाच्या कडीत काठीचं टोक अडकवायचं. खुर्ची बिनहाताची आणि सपाट हवी. घरोघरची हातवाली प्लास्टिकची खुर्ची इथं बाद.

दुसरा शत्रू अंतर. व्हायोलिनवर तारेच्या सुरुवातीला सा ते रे हे अंतर साडेतीन सेंटिमीटर असतं. चेलोवर साडेसात! पट्टीवर पडदे नाहीत, खुणा नाहीत. म्हणून पहिले काही महिने शिक्षक पट्टीवर रंगीत चिकटपट्ट्या लावून देतात. बोटं ताणून दुखतात आणि वरच्या सप्तकात तर अंगठाही चेलोच्या मानेमागून काढून तारेवर ठेवावा लागतो. सतार-सारंगीवाल्यांना याचं हसू येईल. सारंगीवाला नखाच्या मुळाशी तार दाबतो, त्याच्यासमोर बोट दुखतं म्हणायची सोय नाही. पडदे नसल्याचा फायदा मात्र आपल्याला: मींड घ्यायला रस्ता मोकळा.

लहान मुलांसाठी पाव, अर्धा, पाऊण अशा मापांचे चेलो असतात. पोर वाढतं, चेलो वाढत नाही, त्यामुळे शहाणे पालक लहान मापाचा चेलो भाड्यानं किंवा जुना घेतात.

आसनाबद्दल एक वैद्यकीय भानगड. १९७४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छोटं पत्र छापून आलं: चेलो घासून वादकाच्या अंडकोषाला इजा झाल्याचं आढळलं आहे. हा विकार पुढे गंभीर लेखांत उद्धृत होत राहिला. २००९ मध्ये ब्रिटनच्या एका डॉक्टर खासदारबाईंनी जाहीर केलं की ते पत्र त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी थट्टा म्हणून पाठवलं होतं. चेलो कसा धरतात हे एकदा जरी पाहिलं असतं तरी असं घडणं अशक्य आहे हे कळलं असतं. तब्बल ३५ वर्षं कुणी खुर्चीवर बसून पाहिलंच नाही!

मे महिन्यात चेलो

चेलोला हवेत ४० ते ६० टक्के ओलावा आवडतो. खानदेशात मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो आणि दुपारच्या हवेत ओलावा औषधालाही नसतो. लाकूड आक्रसतं, खुंट्या सैल पडून फिरतात, तारा आपोआप उतरतात. पावसाळ्यात उलट: खुंट्या फुगून जाम.

यावर इटलीच्या कारागिरांनी आधीच डोकं लढवलं आहे. चेलो जोडायला ते जनावरांच्या कातडीचा सरस वापरतात, मुद्दाम फार पक्का नसलेला. लाकूड ताणलं की सांधा आधी सुटतो, फळी तडकत नाही. सांधा परत चिकटवता येतो, तडकलेली फळी म्हणजे मोठा खर्च. घरी 'फेव्हिकॉल लावून टाकू' म्हणणाऱ्या काकांपासून चेलो लांब ठेवावा, तो याचसाठी. उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात ठेवू नये, सरस मऊ पडतो. पेटीत ओल्या स्पंजची डबी ठेवली तर उन्हाळा निभतो.

सगळ्या तारा एकदम काढणं हाही गुन्हा. पोटात एक छोटा लाकडी खांब नुसत्या दाबावर उभा असतो, ना खिळा ना सरस. ताण गेला की तो आडवा होतो आणि मग मुंबई गाठावी लागते.

हे सगळं ऐकून ज्यांना घाम फुटला त्यांच्यासाठी कार्बन फायबरचा चेलो आहे. बॉस्टनच्या सिंफनी ऑर्केस्ट्रातले चेलोवादक लुइस लेगिया यांना ही कल्पना आपल्या शिडाच्या नावेचा घुमणारा आवाज ऐकून सुचली. त्याला ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही. गेल्या शतकात जर्मनीत अॅल्युमिनियमचेही चेलो बनले. तांब्याचा अजून राहिला आहे. सोनगीरकरांनी विचार करावा.

थाळनेर, पळस्पे, नरिमन पॉइंट

चेलो खानदेशात कधी आला? कानांवाटे कधीच आला. लता मंगेशकरांचं आजोळ सोनगीरच्या उत्तरेला तापीकाठी, शिरपूर तालुक्यातलं थाळनेर. आणि लताबाईंच्या सोनेरी काळातल्या गाण्यांमागे व्हायोलिनचा जो ताफा वाजतो, त्याच्या तळाशी चेलो असतात. ते वाजवणाऱ्यांत गोव्याचे बरेच, चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेले. राहुलदेव बर्मन यांचे सहायक बासू चक्रवर्ती मूळचे चेलोवादक. सॅक्सोफोनवाले मनोहारी सिंग यांच्याबरोबर जोडी जमवून त्यांनी मेहमूदच्या 'सबसे बडा रुपैया'ला संगीतही दिलं. रेडिओवर गाणं ऐकताना आपण चेलो ऐकला, नाव तेवढं विचारलं नाही.

रागदारीतही त्याचं बस्तान बसतंय. नेदरलँड्सच्या सास्किया राव-द हास यांनी दिल्लीत संसार थाटला आणि जमिनीवर मांडी घालून वाजवता येईल असा लहान चेलो करवून घेतला: पाच तारा, खाली तरफेच्या दहा. अमेरिकेच्या नॅन्सी लेश तर रुद्रवीणेचे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे शिकून चेलोवर ध्रुपद वाजवू लागल्या. या उस्तादांचं गुरुकुल पनवेलजवळच्या पळस्प्यात होतं. ध्रुपदाचा संथ आलाप आणि चेलोचा खर्ज यांचं जमणारच होतं. मला तर त्यात सिंफनीपेक्षा जास्त गोडी वाटते, चूकभूल द्यावी घ्यावी.

सिंफनी ऐकायची तर नरिमन पॉइंटला एनसीपीएत २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. गोव्यात 'चाइल्ड्स प्ले इंडिया' ही संस्था गरीब वस्त्यांतल्या मुलांच्या हाती व्हायोलिन आणि चेलो देते. वाद्य बघायचं असेल तर मुंबईत धोबीतलावला उतरायचं. नवशिक्याचा चेलो बऱ्यापैकी स्मार्टफोनच्या भावात येतो. वर गज, पेटी, राळ आणि घरच्यांची समजूत वेगळी.

आणि सराव किती? स्पेनच्या चेलोवादक पाब्लो कासाल्सला १८९० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, बार्सिलोनातल्या जुन्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात संगीतकार बाखच्या चेलोसाठीच्या सहा सुइट्स सापडल्या. तो बारा वर्षं त्या घरी घोकत बसला, मगच लोकांसमोर वाजवायला निघाला. ध्वनिमुद्रण केलं तेव्हा वय साठीच्या आसपास.

एक फुल, एक हाफ

शेवटी प्रवास. हा विषय चेलोवाल्यापाशी काढू नका, रात्र जाईल.

विमानात चेलो सामानात टाकला तर मोडतो, म्हणून त्याला शेजारची सीट विकत घ्यावी लागते. पट्टा बांधायचा, जेवण मिळत नाही. अमेरिकेच्या लिन हॅरेलनं विचार केला, तिकीट पूर्ण घेतो तर चेलोच्या नावे बक्षिसाचे मैलही जमवावेत. २०१२ मध्ये विमान कंपनीनं त्याचं आणि चेलोचं, दोघांचंही खातं बंद करून टाकलं.

टॅक्सीतही सुख नाही. चेलोवादक यो-यो मा १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सीच्या डिकीत १७३३ सालचा, अडीच दशलक्ष डॉलरचा चेलो विसरून उतरला. पोलिसांनी त्याच दिवशी शोधून दिला. २००४ मध्ये लॉस एंजेलिसला ओसरीवर राहिलेला, इटलीच्या विख्यात कारागीर स्त्रादिवारीनं घडवलेला १६८४ चा चेलो चोरीला गेला, तो एका नर्सला कचरापेटीजवळ सापडला. तिनं मित्राला विचारलं, याचं सीडी ठेवायचं कपाट करता येईल का? चेलोचं नशीब, कपाट व्हायच्या आत बातमी आली. पहिल्या महायुद्धात हॅरल्ड ट्रिग्ज नावाच्या इंग्रज सैनिकानं तर सुटा होऊन चौकोनी पेटीत मावणारा चेलो बेल्जियमच्या खंदकात नेला. पेटी हेच त्याचं पोट. एसटीच्या टपावर टाकायला यापरता चेलो नाही.

पण सर्वांत हुशार मेक्सिकोचा कार्लोस प्रिएतो. त्याचा चेलो १७२० चा, स्त्रादिवारीचा. त्याचं विमानाचं तिकीट तो 'मिस चेलो प्रिएतो' या नावानं काढायचा. आपल्याकडे १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. धुळे-सोनगीर गाडीत मिस चेलोला खिडकीशी बसवून 'एक फुल, एक हाफ' मागून बघायला हरकत नाही. कंडक्टर काय म्हणेल ते अहिराणीत असेल आणि ते इथं छापता येणार नाही.